दोराचं टोक मागे वळवून खोवतात, तसं खमिरात कशासाठी?

अंबाडी
पोळा पंधरा दिवसांवर आलाय. आमच्या घरी (दारव्हा तालुका) आबाजी अजूनही कासरे, दावी घरीच वळतात. अंबाडी भिजवायची, वाख (सालीचे तंतू) सोलायचा, ढेऱ्यावर सूत काढायचं, सगळं हातानं. मी चार दिवस घरी आले आहे. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, प्रकल्प खमिराच्या (यीस्टच्या) टेलोमेअरवर. काल त्यांनी विचारलं, "तू तिथं शिकतं तरी काय वं?" मी म्हटलं, गुणसूत्राचं टोक. त्यांना हसू आवरेना. मग हातातल्या दोराचं टोक त्यांनीच पुढे केलं. तसंच सोडलं तर पीळ उकलतो, म्हणून ते मागे वळवून पदरापदरांत उलटं खोवतात.

माझा प्रश्न नेमका तिथेच अडकलाय. बेकरीच्या खमिरात, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, गुणसूत्राच्या टोकाला डीएनएच्या टी आणि जी या अक्षरांची थोडी अडखळती पुनरावृत्ती असते, साधारण ३०० जोड्यांची. हे टोक मागे वळून गुणसूत्राच्या आतल्या भागाला टेकतं. दर विभाजनात टोक थोडं झिजतं आणि टेलोमरेज नावाचं विकर ते भरून काढतं. टोक घडीत दडलेलं असेल तर टेलोमरेज तिथवर पोचतं कसं? घडी टोक राखते की टोकाची वाट अडवते?

सोमवारी तोंडी परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक हेच विचारतात म्हणे.

तर्रीपोहे
या संकेतस्थळावर पहिल्यांदाच 'धागा' हा शब्द योग्य जागी वापरला गेलाय.

पऱ्हाटीवाला
अंबाडीताई, आबाजीले दंडवत सांगा. आमच्या इकडं अंबाडी पेराचंच बंद झालं. पहिले पऱ्हाटीच्या धुऱ्यानं दोन तास (ओळी) तरी अंबाडीचे असत. भाकरीसंगं भाजी अन् दोराले वाख. आता नायलॉनचा कासरा आणतो, टोकाले काडी लावतो, वितळलं का झालं काम. तुमच्या खमिराले आगकाडी भेटत नाही काय?

सूक्ष्मदर्शक
@पऱ्हाटीवाला, काडी लावलेल्या टोकाचे जीव खरंच आहेत. लाइम नावाचा आजार करणारा बोरेलिया जिवाणू घ्या. त्याच्या सरळ गुणसूत्रात डीएनएचे दोन्ही पदर टोकाला एकमेकांतच वळून जोडलेले असतात, उघडं टोक उरतच नाही. बहुतेक जिवाणू त्याच्याही पुढे गेलेत, त्यांचं गुणसूत्र बांगडीसारखं गोल. खमिराचं (आणि आपलं) टोक मात्र उघडं, त्यामुळे राखण आली.

मूळचा आर्वीचा. काही वर्षं खमिरावर काम केलंय. रात्री सविस्तर लिहितो.

शंकासुर
पण टोक राखायचं कशाला? थोडं झिजलं तर झिजलं. ३०० अक्षरांत जनुकं तर नाहीत ना?

रिटायर्ड मास्तर
शंकासुरराव, झिजणं हा दुसरा त्रास. पहिला त्रास वेगळाच आहे आणि तो आधी कळला, मक्यामध्ये. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी पाहिलं की गुणसूत्र तुटलं तर तुटलेली टोकं एकमेकांना चिकटतात. मग पेशी विभागताना तो जोड दोन बाजूंना ओढला जातो, पुन्हा तुटतो, पुन्हा चिकटतो. मूळची टोकं मात्र कशालाच चिकटत नाहीत. त्याच सुमारास, १९३८ साली, हर्मन मुलर यांनी फळमाशीवर काम करताना या मूळ टोकांना टेलोमेअर हे नाव दिलं. ग्रीक शब्दांतून आलंय, शेवटचा भाग एवढाच अर्थ.

म्हणजे पेशीत एक दुरुस्तीवाला सतत फिरत असतो आणि त्याला तुटकं टोक दिसलं की तो गाठ मारतो. खऱ्या टोकाला त्याच्यापासून लपायचं असतं. आमच्या शाळेत एक शिपाई होता, दोन मोकळ्या तारा दिसल्या की जोडून टाकायचा. १९८६ मध्ये अर्धं गाव अंधारात घातलं होतं त्यानं.

लपण्याची युक्ती म्हणजे टोकाचा सुटा, जोडीविना पुढे आलेला पदर मागे वळून दुहेरी डीएनएत घुसतो आणि फासा तयार होतो. १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची चित्रं काढली. अंबाडीताईंना घडी म्हणायचंय ती हीच.

मोहफूल
खमीर म्हटल्यावर मी आले. आमच्या देसाईगंजकडे चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचायला जातात. वाळवून ठेवतात, मग भिजत घालतात. त्यात खमीर कोणी बाहेरून टाकत नाही, ते फुलांबरोबरच येतं. मटक्याला कान लावला की चुरचुर ऐकू येते. आत एवढ्या टोकांची राखण चालली असेल हे माहीत नव्हतं.

तर्रीपोहे
मटक्याला कान लावणाऱ्या लोकांचं स्वतःचं टोक नंतर सापडत नाही, असा अनुभव आहे.

मोहफूल
आम्ही लाडू करतो हो मोहाचे. तुमच्याच मनात मटका.

सूक्ष्मदर्शक
मास्तर, मॅक्लिंटॉक आणि मुलर अगदी बरोबर. फासा मात्र दुसऱ्याच्या गळ्यात पडला. १९९९ ची ती चित्रं माणसाच्या आणि उंदराच्या पेशींतली. आपल्या टोकाला सुटा पदर शंभरेक अक्षरांचा असतो, तो दुहेरी पिळात घुसून बसू शकतो. बेकरीच्या खमिराचा सुटा पदर बहुतेक वेळ १२ ते १४ अक्षरांचा. इथे घडी धरून ठेवतात ती मुख्यतः प्रथिनं. म्हणून खमिरात 'फासा' न म्हणता 'मागची घडी' म्हणणं बरं.

आता ही घडी आहे हे कळलं कसं, ते सांगतो. मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

पहिला सुगावा असा. रॅप-१ नावाचं प्रथिन टी-जीच्या पुनरावृत्तीला चिकटतं. तिथे त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. पण १९९० च्या दशकात कोण कुठे बसलंय हे तपासलं तेव्हा रॅप-१ टोकापासून बरंच आतही सापडलं, जिथे त्याची एकही जागा नाही. माणूस नांदुऱ्याचा, पण भेटतो रोज शेगावच्या फलाटावर. मग एकच शक्यता उरते: टोकच मागे वळून आतल्या भागाला टेकलंय आणि रॅप-१ त्याच्याबरोबर आलंय.

दुसरा पुरावा २००१ चा. खमिरात जनुक चालू करणारं बटण जनुकाच्या आधी लागतं. ते जनुकाच्या मागे ठेवलं तर चालत नाही. संशोधकांनी मुद्दाम ते बटण जनुकाच्या मागे, टोकाच्या बाजूला ठेवलं. गुणसूत्राच्या मध्यभागी हा प्रयोग केला तर जनुक बंदच. टोकाजवळ केला तर जनुक चालू! टोक मागे वळलं आणि मागचं बटण पुढच्या दाराशी येऊन टेकलं. पुढे याच युक्तीत जनुक असं घेतलं की ते चालू झालं तरच पेशी हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल) नसलेल्या बशीत वाढेल. म्हणजे घडी असेल तर ठिपका उगवतो, घडी मोडली तर बशी कोरी. डीएनएची घडी नुसत्या डोळ्यांनी.

या बशा वापरून २०१२ मध्ये एक जनुक काढा, बशी पाहा, दुसरं काढा, बशी पाहा, असं खमिराच्या जनुकांतून चाळण मारली. घडीसाठी लागणारी ११२ जनुकं निघाली. त्यात रिफ-२ हे महत्त्वाचं. ते रॅप-१ च्या पाठीवर बसतं आणि आरपीडी-३ नावाच्या विकराच्या टोळीला बोलावून आणतं. हे विकर डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर असतो त्यांवरचे ॲसिटिल गट काढून टाकतं, त्यामुळे तो भाग दाट होतो. आरपीडी-३ नसलेल्या पेशींत टोकं जास्त कुरतडली जातात, कधी पूर्ण गळतात आणि पेशी लवकर म्हातारी होते. म्हणजे ताईंच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याला उत्तर: हो, घडी राखण करते असं दिसतं.

पऱ्हाटीवाला
सर, सकाळी पाच वाजता डवरणीले जाच्या आधी वाचून रायलो. बटणाची गोष्ट समजली. आमच्या गोठ्यातही लाइटीचं बटण मागच्या भिंतीवर आहे, पण तिथं भिंत काई वळत नाही, मलेच फिरून जा लागते.

शंकासुर
दुसरा अर्धा मी सोडवतो. रिफ-२ काढलं की घडी मोडते. रिफ-२ काढलं की टेलोमेअर लांब होतं, हे पाठ्यपुस्तकातही आहे. म्हणजे घडी ही टेलोमरेजच्या वाटेतली धोंड. घडी काढली, धोंड हटली, टोक वाढलं. संपला प्रश्न.

अंबाडी
मीही हेच लिहिलं होतं प्रकल्पात. आणि पुढे असं जोडलं होतं की टोक आखूड झालं की घडी घालायला पुरत नाही, म्हणून ती आपोआप सुटते, टेलोमरेज पोचतं, टोक वाढतं, परत घडी बसते. आबाजींनाही पटलं. ते म्हणाले, "दोर पुरला नाही का खोवता येत नाही. खोवलेलं सुटलं का समजाचं, वाख जोडाची वेळ झाली." गाईडनी मात्र त्या परिच्छेदावर फक्त एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. काही लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

सूक्ष्मदर्शक
प्रश्नचिन्ह रास्त आहे. दोघांच्याही मांडणीत एकेक छिद्र आहे.

शंकासुर, रिफ-२ एका वेळी दोन नोकऱ्या करतं. घडी धरतं हे खरं. शिवाय ते टेल-१ नावाच्या विकराला टोकाशी येऊ देत नाही, आणि आखूड टोकाकडे टेलोमरेजला बोलावणारा हाच टेल-१. त्यामुळे रिफ-२ काढल्यावर टोक वाढलं ते घडी गेल्यामुळे की टेल-१ ला रान मोकळं मिळाल्यामुळे, हे त्या एका प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पाटलाला गावाबाहेर काढलं आणि विहीर आटली, तर दोष पाटलाचा की पावसाचा?

आखूड टोकाला प्राधान्य मिळतं हे मात्र पक्कं. १९९७ मध्ये दिसलं की पेशी टोकाची लांबी रॅप-१ च्या रेणूंवरून जोखते. टोकाजवळ कृत्रिमरीत्या जास्तीचे रॅप-१ बसवले तर खरी पुनरावृत्ती तेवढी आखूड राहते. पेशीचा हिशेब फसतो, पोतं भरलंय समजून ती थांबते. २००४ मध्ये एकेका टोकाचा माग काढला. ३०० अक्षरांच्या टोकावर एका पेशीचक्रात टेलोमरेज जेमतेम ६ ते ८ टक्के वेळा काम करतं, १०० वर आलेल्या टोकावर चाळिशीच्या पुढे. आणि हे काम पेशीचक्राच्या ठरावीक वेळी होतं, डीएनएची प्रत निघून होत आली की. तेव्हा सुटा पदर लांबतो, त्यावर सीडीसी-१३ हे प्रथिन बसतं, ते एस्ट-१ या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं आणि एस्ट-१ बरोबर टेलोमरेज येतं. म्हणजे टोक बारा महिने तेरा काळ उघडं ठेवायची गरजच नाही.

आता ताईंचं छिद्र. ते २०२० च्या कामातून दिसतं. तेव्हा घडी बशीवरून न ताडता, टोक आणि आतला भाग जिथे टेकलेत तिथेच रसायनानं डकवून, कापून, जोडून मोजली. त्यात कळलं की म्हाताऱ्या होणाऱ्या पेशींत घडी नसते. पण टोक आखूड झाल्यामुळे नाही! लांबीशी त्याचा थेट संबंध लागला नाही. त्या पेशींत सर-२, सिन-३ आणि सेट-२ ही प्रथिनंच कमी झाली होती, आणि ही तीन घडीला लागतात. तेव्हा 'आखूड झालं, पुरलं नाही, सुटलं' हे वाक्य परीक्षेत म्हणू नका.

देवळीवाली
मध्येच बोलते, माफ करा. आमच्या भाऊजींनी तालुक्याच्या ठिकाणी एका साखळी विक्रीवाल्याकडून 'टेलोमेअर वाढवणाऱ्या' गोळ्या घेतल्यात, तीन हजारांचा डबा. रोज सकाळी दोन. डब्यावर नोबेल पारितोषिक असं मोठ्या अक्षरांत छापलंय. भाऊजी म्हणतात गुडघे हलके वाटतात. हे खमिराचं सगळं वाचून विचारावंसं वाटलं, काही तथ्य आहे का?

रिटायर्ड मास्तर
नोबेल खरं आहे, गोळी नाही. २००९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना टेलोमेअर आणि टेलोमरेजसाठी मिळालं. ते काम तळ्यातल्या टेट्राहायमेना या एकपेशी जिवावर आणि आपल्या या खमिरावर झालं. १९८२ मध्ये टेट्राहायमेनाची टोकं एका सरळ डीएनएला लावून तो खमिरात सोडला, तर तो तिथे टिकला. दोघांचं कुळ कुठल्या कुठे, पण टोकाची भाषा कळली. भाऊजींच्या गुडघ्यांचा त्यात उल्लेख नाही.

सूक्ष्मदर्शक
शिवाय टेलोमरेज वाढणं नेहमी चांगलंच असं नाही. माणसाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज पुन्हा चालू झालेलं आढळतं. गोळ्यांनी काही होत नसेल तेच बरं समजा. डबा बंद करायला सांगा, गुडघे डॉक्टरांना दाखवा.

तर्रीपोहे
तीन हजारांत मोहाचे लाडू किती येतील?

मोहफूल
तुमचं टोक सापडेपर्यंत पुरतील एवढे.

शंकासुर
पाटील आणि विहीर मान्य. पण एक सांगा, टेलोमरेज काढूनच टाकलं तर खमीर लगेच मरतं का?

अंबाडी
हे मला येतं! लगेच नाही. दर पिढीला ३ ते ५ अक्षरजोड्या कमी होतात. सगळं ठीक असताना खमीर दीड तासात दुप्पट होतं. साठ-सत्तर पिढ्यांत, म्हणजे चारेक दिवसांत, बहुतेक पेशी थांबतात. शनिवारच्या बाजारापासून बुधवारपर्यंत. मग फार थोड्या पेशी दुसऱ्याच वाटेनं वाचतात. रॅड-५२ या प्रथिनाच्या मदतीनं एका टोकाची नक्कल दुसऱ्या टोकावर करून वाढवतात, म्हणजे शेजारच्या दोरातला वाख काढून आपल्या दोराला.

आणि मे महिन्यातलं माझं दुःखही सांगून टाकते. मी अशाच पिढ्या मोजत होते. कॉलेजची वीज दुपारभर गेली. खमिराला ३० अंश लागतात, खोलीत ४४. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. तीन आठवड्यांची मोजणी गेली. लोकांना वाटतं इनक्युबेटर म्हणजे ऊब देणारी पेटी. आमच्याकडे उन्हाळ्यात तो थंडाव्याला लावतात.

पऱ्हाटीवाला
शेजारच्या दोरातला वाख काढणारे आमच्या गावातही हायेत. त्यायले रॅड-५२ म्हणतात हे मालूम नव्हतं.

सूक्ष्मदर्शक
आणखी एक जात आहे, खंडन खमीर, शिझोसॅकरोमायसिस पॉम्बे. त्याला तीनच गुणसूत्रं. टेलोमरेज गेलं की त्याच्या काही पेशी आपलं प्रत्येक गुणसूत्र टोकाला टोक जोडून गोल करून टाकतात. टोकच नाही तर झीज कुठली. आपल्या बेकरीवाल्याला सोळा गुणसूत्रं, म्हणजे बत्तीस टोकं. त्याला हे इतकं सहज जमत नाही.

शंकासुर
म्हणजे बांगडीवर येऊन थांबलो. मग मूळ प्रश्नाचं काय? राखण की अडवणूक?

अंबाडी
मी सकाळी आबाजींसमोर दोन दोर घेऊन बसले होते. त्यांना म्हटलं, आबाजी, तुमचं म्हणणं चुकलं म्हणतात. टोक सुटतं ते दोर आखूड झाला म्हणून नाही. ते जराही रागावले नाहीत. गोठ्यातून मागच्या वर्षीचा कासरा काढून आणला. लांबीला चांगला, पण खोवलेलं टोक बाहेर आलेलं. म्हणाले, "हा कुठी आखूड आहे? वाख कुजला, पीळ सैल झाला, धरणारंच कोणी राह्यलं नाही. मंग लांब असो का आखूड, टोक सुटतेच." आखूड दोराचं टोक सुटणं आणि जुन्या दोराचं सुटणं त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मीच त्या एकत्र केल्या होत्या.

मग वाख जोडायचं विचारलं. चांगल्या दोराला जोडायचं असेल तर खोवलेलं सोडावं लागतं ना? म्हणाले, "जोडताना सोडाचं, जोडलं का परत खोवाचं. रातभर उघडं ठेवलं तं सकाळी उकललं असते."

@सूक्ष्मदर्शक सर, परीक्षेत असं सांगू का? घडी टोकाची राखण करते. आखूड टोक ओळखायचं काम रॅप-१ ची मोजणी आणि टेल-१ करतात, आणि टेलोमरेजला वेळ ठरवून बोलावणं येतं. म्हातारपणी घडी जाते ती बहुधा धरणारी प्रथिनं कमी झाल्यामुळे.

सूक्ष्मदर्शक
सांगा. 'घडी अडवते का' यावर थेट उत्तर देऊ नका. रिफ-२ च्या दोन नोकऱ्या सांगा आणि थांबा, परीक्षक स्वतःच पुढे बोलायला लागतील. दोराचं उदाहरण जरूर द्या. फक्त म्हणा की दोराचं टोक एकदा खोवलं की वाख कुजेपर्यंत राहतं, खमिराचं सतत धरून ठेवावं लागतं.

तो जुना कासरा फेकू देऊ नका. परीक्षेला घेऊन जा.

पऱ्हाटीवाला
अन् ताई, आबाजीकडं अंबाडीचं बी असन तं मूठभर ठेवा माह्यासाठी. यंदा धुऱ्यानं एक तास टाकून पाहातो. आता उशीर झाला म्हणा, पुढच्या मिरगाले.

अंबाडी
ठेवते. आबाजी विचारताहेत गाव कोणतं.